जसं आहे तसं, पण सांगून

जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत तीन शब्द हमखास असतात. 'जसं आहे तसं'. म्हणजे वस्तू ही अशी आहे, पैसे द्या, घेऊन जा आणि नंतर फोन करू नका. लाकडी कपाटाच्या बाबतीत माझी या तीन शब्दांबद्दल काहीच तक्रार नाही. कपाटाचं दार लागत नसेल तर एकदा उघडझाप केली की कळतं, वाळवी असेल तर खाली भुसा दिसतो. पण दुर्बिणीचा जुना माउंट कुणी 'जसं आहे तसं' म्हणून विकायला काढला की माझं डोकं सणकतं. गेलं वर्षभर सणकतंय. घरातले ऐकून ऐकून कंटाळलेत, ह्यांनी तर परवा "एकदाचं लिहून टाक बाई" असं सांगूनच टाकलं. तर लिहितेय. आजची पोस्ट थोडी भांडखोर वाटेल, तयारीनं वाचा.

खगोलवेडे नसलेल्या वाचकांसाठी (म्हणजे मुख्यतः माझ्या माहेरच्या मंडळींसाठी) आधी माउंट म्हणजे काय ते सांगते. दुर्बीण म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे नळी येते. नळी ज्यावर बसते त्याला आमच्याकडे सगळे 'स्टँड' म्हणतात आणि ते नळीबरोबर फुकट येत असेल अशी समजूत असते. प्रत्यक्षात तो स्टँड म्हणजे एक यंत्र असतं आणि फोटो काढणाऱ्या मंडळींकडे तर बऱ्याचदा ते नळीपेक्षा महाग असतं. कारण सोपं आहे. पृथ्वी फिरते. आकाशातला तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो. ऐकायला काहीच नाही, पण १०० पट मोठं दाखवणारी साधी आयपीस लावली तर दुर्बिणीतून आकाशाचा जेमतेम अर्धा अंश दिसतो, पौर्णिमेच्या चंद्राएवढा. आकाशाच्या विषुववृत्ताजवळचा तारा त्या खिडकीतून दोन मिनिटांत पार होतो. २०० पट केलं की एका मिनिटात. पाहुण्यांना "या, गुरू बघा" म्हणेपर्यंत गुरू निघून गेलेला असतो.

म्हणून माउंटचा एक अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखायचा आणि मोटरनं तो २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा होईल अशा गतीनं फिरवायचा. मग पृथ्वी फिरली तरी तारा जागच्या जागी. ही रचना जुनी आहे. योसेफ फ्राउनहोफरनं १८२४ मध्ये डोरपाटच्या वेधशाळेसाठी जी दुर्बीण बांधली तिचा माउंट याच पद्धतीचा होता, फक्त मोटरच्या जागी घड्याळासारखं यंत्र. आज आपल्या गच्चीवर येणारे बरेचसे माउंट त्याचेच वंशज. आत मोटर, मोटरपुढे छोटी दातेरी चाकं, त्यापुढे स्क्रूसारखा दिसणारा वर्म आणि त्या वर्मनं फिरणारं मोठं चाक. एखाद्या माउंटमध्ये त्या मोठ्या चाकाला १८० दाते असतात, एखाद्यात १३५. वर्मच्या एका फेऱ्याला आठ-दहा मिनिटं लागतात. इतकी सावकाश चाल आणि तीही विकलांच्या हिशोबात! आत एक दात अर्धा तुटला, एक स्क्रू पाव फेरा जास्त आवळला गेला, तर बाहेरून काही दिसणार नाही. आकाशात मात्र दिसेल.

आता माझा खरा मुद्दा. जुनी स्कूटर घेताना आपण एक चक्कर मारतो आणि गल्लीतल्या मेकॅनिकला बरोबर नेतो. जुना फ्रिज घेताना तासभर चालू ठेवून बर्फ होतो का बघतो. माउंट कसा दाखवला जातो? संध्याकाळी पाच वाजता, हॉलमध्ये, टीपॉयशेजारी. अडॅप्टर लावतात, लाल दिवा लागतो, हॅण्ड कंट्रोलरचं बटण दाबलं की 'घूंऽऽ' आवाज करत माउंट फिरतो. "बघा, चालू आहे." चहा येतो. पैसे दिले जातात. माउंट चालू आहे हे त्यातून कळतं, बरोबर चालतोय की नाही हे मुळीच कळत नाही. ते कळायला अंधार लागतो, अंगावर पूर्ण वजन लागतं, निदान एक तास लागतो, आणि बिघाड कसा दिसतो ते माहीत असावं लागतं. पहिल्यांदा माउंट घेणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. ज्याच्याकडे सगळं असतं तो समोर बसून चहा पीत असतो आणि गप्प असतो.

त्या गप्प बसण्याचं काय होतं ते मी आमच्याच घरात पाहिलं.

माझा भाचा साताऱ्याला इंजिनिअरिंग शिकतो. शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यानं पैसे साठवले आणि एका निवृत्त गृहस्थांकडून जुना, मोटरचा माउंट घेतला. (गृहस्थांचं नाव, गाव, माउंटचं मॉडेल काही सांगणार नाही. भांडण त्या एका माणसाशी नाही.) जवळजवळ भरलेल्या सिलिंडरएवढं ते धूड त्यानं एसटीनं घरी आणलं. दादा-वहिनींनी गच्चीवर जागा करून दिली. नोव्हेंबरचं आकाश, सगळं कसं छान जुळून आलेलं. आणि फोटो काढायला लागला तर तारे फुटलेले. ठिपक्याऐवजी ठिपका आणि शेपूट.

त्यानं पुस्तकं काढली. पहिला संशय सगळ्यांचा असतो तोच, म्हणजे ध्रुव नीट साधला नाही. साताऱ्याला ध्रुव क्षितिजापासून साडेसतरा-अठरा अंशांवर, म्हणजे धुरक्यात आणि शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीआड. त्यातून ध्रुवतारा बरोबर ध्रुवावर नसतो, अर्ध्या अंशाहून थोडा जास्त लांब असतो. पोरानं रोज रात्री माउंट हलवला, टाकीच्या बाजूला सरकवला, परत लावला. तोल तपासला. केबल बदलली. परीक्षा झाली, संक्रांत झाली. मग एक दिवस फोनवर म्हणाला, "आत्या, मला वाटतं हे माझ्या डोक्याच्या बाहेरचं आहे. विकून टाकतो."

हे वाक्य ऐकून मी साताऱ्याला गेले. एका रात्री आम्ही ३० सेकंदांचे चाळीस फोटो ओळीनं काढले, मध्ये कशालाही हात न लावता. सकाळी ते एकामागून एक पाहिले. ध्रुव चुकला असता तर तारे प्रत्येक फोटोत सारखेच, थोडे थोडे ओढले गेले असते. इथे तीन फोटो स्वच्छ आणि चौथा खराब. पुन्हा तीन स्वच्छ, चौथा खराब. म्हणजे दर दोन मिनिटांनी माउंटला एक गचका बसत होता. गचका असा ठरावीक वेळानं बसतो तो माणसाच्या अज्ञानामुळे नाही, फिरणाऱ्या चाकामुळे. झाकण उघडलं. मोटरच्या दांड्यावरच्या पितळी चाकाला मोजून नऊ दाते, त्यातला एक अर्धा मोडलेला.

मी त्या गृहस्थांना फोन केला. ते अगदी सभ्यपणे बोलले. म्हणाले, "हो मॅडम, तो दात मला माहीत होता. मीही एकदा उघडून पाहिलं होतं. पण मी जसं आहे तसं म्हटलं होतं ना?"

चाक गिअर कापणाऱ्या एका कारखान्यातून करून आणलं. खर्च दोघांच्या हॉटेलातल्या जेवणाएवढा. तो दात आहे हे विकताना सांगितलं असतं तर पोरानं पाचशे-हजार कमी करून मागितले असते, किंवा तेही मागितले नसते, आणि पहिल्याच आठवड्यात चाक बदलून मोकळा झाला असता. त्याऐवजी तो तीन महिने आपण ढ आहोत असं समजत होता.

माउंटच्या बाबतीत गप्प बसणं मला वेगळं वाटतं ते ह्यामुळेच. फ्रिज बिघडला तर आपण फ्रिजला शिव्या देतो. माउंट बिघडला तर नवशिका स्वतःला शिव्या देतो. या छंदात शिकण्यासारखं इतकं असतं की काही चुकलं तर ते आपलंच, असं वाटणं स्वाभाविक आहे. बाकीच्या वस्तूंमध्ये दोष लपवणारा फार तर पैसे बुडवतो, इथे तो माणसाची हिंमत बुडवतो. आणि अशी किती मुलं, किती हौशी काका-काकू "आपल्याला जमलं नाही" म्हणून नाद सोडून देत असतील, त्यांच्या माळ्यावरच्या खोक्यात तो मोडका दात तसाच असेल.

आता हे बोलले की समोरून काय उत्तरं येतात ती मला पाठ आहेत. एकेक घेते.

पहिलं: "घेणाऱ्यानं बघून घ्यायला नको? कायदासुद्धा तेच सांगतो." हो, सांगतो. १९३० चा मालविक्रीचा कायदा मुळात हेच धरून चालतो की माल पारखणं घेणाऱ्याचं काम. १८७२ च्या करार कायद्याचं १७ वं कलम तर सांगतं की नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. तिथे घोड्याचं उदाहरण आहे. लिलावात घोडा विकला, घोड्यात खोड आहे हे विकणाऱ्याला माहीत होतं, तो काही बोलला नाही. फसवणूक नाही. आमचे वकील काका इथेच थांबतात आणि विजयी मुद्रेनं बघतात. पण काका, त्याच कलमात त्याच घोड्याचं पुढचं उदाहरण आहे हो! घोडा विकत घेणारी विकणाऱ्याची स्वतःची मुलगी असेल, नुकतीच सज्ञान झालेली, तर नातंच असं आहे की खोड सांगणं हे बापाचं कर्तव्य ठरतं. आणि त्याच्या पुढचं उदाहरण आणखी मजेचं आहे. घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर मी घोडा चांगला आहे असं समजेन," आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच धरलं जातं.

दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेबाला एवढं कळत होतं की गप्प बसण्याला एकच किंमत नसते, समोर कोण आहे त्यावर ती ठरते. मग मी विचारते, आपल्या छंदातल्या नवशिक्याशी आपलं नातं कसलं? लिलावातल्या अनोळखी गिऱ्हाइकाचं? ज्याला आपण शिबिरांमध्ये रात्रभर जागून शनीची कडी दाखवतो, "ये रे, बघ रे" म्हणून स्टुलावर चढवतो, तोच चार वर्षांनी पैसे घेऊन माउंट घ्यायला आला की एकदम परका? पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ १९८५ पासून. या छंदात मोठ्यांनी लहानांना फुकट शिकवायची पद्धत इतकी जुनी आहे. व्यवहाराच्या वेळी ती एका तासापुरती गुंडाळून ठेवायची हे मला पटत नाही. त्या एका तासापुरता घेणारा आपल्या पोटच्या पोरीच्या जागी आहे असं समजा, एवढंच माझं मागणं आहे.

दुसरं उत्तर: "खरं सांगितलं तर किंमत येत नाही." ह्यात तथ्य आहे, एका माणसापुरतं. सगळ्यांचा विचार केला तर उलट होतं. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला होता. (त्याला २००१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) म्हणणं असं की चांगली गाडी कुठली आणि भंगार कुठली हे घेणाऱ्याला ओळखता येत नसेल, तर तो सगळ्यांनाच मधली किंमत देतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारात यायच्या बंद होतात. राहतं ते भंगार. आपल्या माउंटच्या बाजारात अगदी हेच चाललंय. ज्यांनी माउंट जिवापाड जपलाय ते "एवढ्या पडत्या भावात कशाला देऊ" म्हणून विकत नाहीत, आणि घेणारे "जुना नको बाबा, काय निघेल सांगता येत नाही" म्हणून घेत नाहीत. तुम्ही लपवलेल्या एका दाताची किंमत पुढच्या प्रामाणिक विकणाऱ्याच्या खिशातून जाते.

तिसरं उत्तर: "मला खरंच माहीत नाही हो, कधीचा माळ्यावर पडलाय." हे उत्तर मला मान्य आहे, फक्त तेवढंच स्पष्ट सांगा. "सहा वर्षं माळ्यावर होता, कधी लावला नाही" ही फार मोलाची माहिती आहे. सहा पावसाळे बंद खोक्यात काढलेल्या माउंटमधलं ग्रीस घट्ट होतं, अक्ष जड फिरतो, बॅटरीचे कप्पे गंजतात. घेणाऱ्याला हे कळलं तर तो पहिल्याच दिवशी जोर लावून मोटर जाळणार नाही, आधी उघडून साफ करेल.

आणि आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द, नाहीतर म्हणाल की ही बाई घेणाऱ्यांचीच वकिली करते. माउंटचा मालक गेल्यावर घरच्यांना ते धूड म्हणजे काय हेच माहीत नसतं. अशा घरी एखादा जाणकार जातो, "हे जुनं झालं हो काकू, आता कोण घेतंय" म्हणतो आणि चांगला, धडधाकट माउंट रद्दीच्या भावात उचलतो. मग मित्रांमध्ये फुशारकी, काय स्वस्तात मिळवला! अशी फुशारकी मी स्वतः ऐकली आहे, चहाच्या टेबलावर, आणि बाकीचे टाळी देत होते. इथे माहिती घेणाऱ्याकडे आहे आणि गप्प तो बसलाय. माझ्या लेखी तो आणि दात लपवणारे गृहस्थ एकाच माळेचे मणी. नियम एकच असावा. ज्याला माहीत आहे त्यानं बोलायचं, मग तो विकणारा असो की घेणारा.

"बोलायचं म्हणजे नक्की काय बोलायचं?" असं कुणी मनापासून विचारलं तर त्याला माझ्याकडे उत्तर आहे. विकणाऱ्यानं एका कागदावर एवढं लिहून द्यावं:

१. माउंट कधी घेतला, कितवा मालक, शेवटचा आकाशाखाली कधी वापरला.

२. उघडला होता का? कुणी, कशासाठी? आत काय दिसलं?

३. नळी लावून त्यावर टिचकी मारली तर थरथर किती सेकंदांत थांबते. एक-दोन सेकंद ठीक, पाच-सहा लागत असतील तर तसं लिहा. पातळ पायांचा ट्रायपॉड असेल तर दोष बहुतेक त्याचाच असतो.

४. प्ले किती आहे. बटण सोडून उलट दिशेचं दाबल्यावर तारा लगेच हलतो की मोटर नुसतीच फिरत राहते आणि तारा दोन-तीन सेकंदांनी जागा होतो?

५. त्यावर प्रत्यक्षात किती वजनाची नळी वापरली. कंपनीचा आकडा सांगू नका. फोटोसाठी त्या आकड्याच्या निम्मं ते दोन तृतीयांश धरावं असं अनुभवी लोक सांगतात, त्याला कारण आहे.

६. कुठल्या अक्षांशावर वापरला. हे आपल्याकडे कुणी विचारतच नाही! बरेच माउंट थंड, उत्तरेकडच्या देशांचा विचार करून घडवलेले असतात, तिथे ध्रुव चाळीस-पन्नास अंशांवर असतो. पुण्याला साडेअठरा, कोल्हापूरला पावणेसतरा. एवढा खाली झुकवल्यावर काही माउंटचा वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला आपटतो. नागपुरात चालला म्हणून सावंतवाडीत चालेल असं नाही.

७. अडॅप्टर मूळचा आहे का. १२ व्होल्टचा कुठलाही अडॅप्टर चालतो असं सांगून लोक मोकळे होतात. त्यातला अधिक-उणे उलटा निघाला तर सर्किट बोर्ड जळू शकतो.

८. काय काय नाही. एखादं वजन, वजन घसरू न देणारा टोकाचा स्क्रू, ध्रुवदर्शक. हे नंतर जमवताना नाकी नऊ येतात. कंपनीच राहिली नसेल तर तेही लिहा. मीड आणि ओरायन या अमेरिकेतल्या दोन मोठ्या नावांचं काम २०२४ च्या जुलैमध्ये बंद पडलं, आणि त्यांचे माउंट तर जगभर पसरलेले. त्यांचा जुना बोर्ड जळला तर दुसरा कुठून आणणार, हा प्रश्न घेणाऱ्याला आधी पडायला हवा, नंतर नाही.

आठ ओळींचा कागद. लिहायला अर्धा तास. ज्यांना याचाही कंटाळा असेल त्यांनी एक रात्र घेणाऱ्याला गच्चीवर बोलवावं आणि स्वतःची नळी लावून तासभर चालवून दाखवावं. दोन्ही नको असेल तर मात्र मला संशय येतो, आणि तुम्हालाही यावा.

ज्यांना ही कटकटच नको असेल त्यांच्यासाठी एक सल्ला जाता जाता. पहिली दुर्बीण जुनी घ्यायची असेल तर डॉब्सोनियन घ्या. जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठातले संन्यासी. दुर्बिणींच्या नादापायी १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला, आणि पुढे ते रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवू लागले. त्यांचा माउंट म्हणजे प्लायवुडचं खोकं आणि टेफ्लॉनचे तुकडे. मोटर नाही, वर्म नाही, दाते नाहीत. हातानं ढकलला की चांगला आहे की वाईट हे पाच सेकंदांत, भर दिवसा, हॉलमध्ये कळतं. त्यात लपवायला जागाच नाही. असा माउंट खुशाल 'जसं आहे तसं' विका, मी एक अक्षर बोलणार नाही.

कुणी म्हणेल, मग जुने माउंट घेऊच नयेत का? उलट! मला तर ते जास्तीत जास्त हातांमध्ये फिरलेले हवेत. जुनं उपकरण हे कमीपणाचं मानणाऱ्यांना मी नेहमी पुण्याची गोष्ट सांगते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. तिथे डब्लिनच्या ग्रबची २० इंची दुर्बीण होती. नायगमवाला निवृत्त झाले, १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालच्या वेधशाळेकडे गेली. तिथे ती पुढे 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली गेली. पुण्यातच कुलूप लावून ठेवली असती तर आज एक गंजका सांगाडा राहिला असता, त्यावर हार घालायला वर्षातून एकदा आपण गेलो असतो. लोखंड आणि पितळ माणसापेक्षा जास्त टिकतं. ग्रीस बदललं, चाक बदललं की माउंट पुन्हा पंचवीस वर्षं चालतो. त्याला फक्त पुढचा माणूस मिळावा लागतो, आणि मागच्या माणसाकडे असलेली माहिती त्याच्याबरोबर जावी लागते.

म्हणून माळ्यावर माउंट ठेवून बसलेल्यांनाही सांगते, काढा तो खाली. "कधीतरी लावीन" म्हणून दहा वर्षं झाली असतील तर आता नाही लावणार तुम्ही. (आमच्या नात्यातलेच दोघं हे वाचतायत. मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे.) विका, चांगले पैसे घेऊन विका. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मी दान करा म्हणत नाहीये. जाहिरातीत 'जसं आहे तसं' लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त त्याच्याखाली ते कसं आहे तेही लिहा.

आणि कागदावर काय लिहायचं ते सुचत नसेल तर मला फोन करा. मी येते, रात्रभर बसून तपासू. चहा मात्र तुमचा.